सासऱ्याच्या कुऱ्हाडीला नवी मूठ

एमरीने सासऱ्याच्या कुऱ्हाडीवरची काळी टेप सोलायला घेतली तेव्हा घरात त्याला अडवणारं कोणी नव्हतं. बायको रोवीना भावांबरोबर नदीकाठी जत्रेचा तंबू उभारायला गेली होती. सासूबाई युनिस पाहुण्यांसाठी मांस आणायला गावात गेल्या होत्या. मागच्या शेडमध्ये एमरी होता, कुऱ्हाड होती आणि दारात आडवा पसरलेला कुत्रा होता. कुत्र्याचं नाव चेअरमन. कुठल्याही बैठकीत तो सुरुवातीलाच झोपायचा, म्हणून सासऱ्यांनीच ते ठेवलेलं.

कुऱ्हाड लहानशी, कमरेला खोचण्याजोगी. इंग्रजीत जिला टोमहॉक म्हणतात ती. पातं सासऱ्यांच्या आजोबांच्या काळातलं. दर ऑगस्टच्या जत्रेत सासरे, म्हणजे ऑर्व्हिल, घोड्यावर बसून ती मिरवणुकीत मिरवायचे. दोन हिवाळ्यांपूर्वी ते गेले आणि कुऱ्हाड सासूबाईंच्या ट्रंकेत गेली. या आठवड्यात ती ट्रंकेतून बाहेर निघाली. रोवीनाने ती नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आई म्हणते, यंदा मिरवणुकीत तू घे."

हे वाक्य दिसतं तेवढं साधं नव्हतं. अमेरिकेतल्या आम्हा क्रो आदिवासींत सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, एकमेकांचं नाव घेत नाहीत. यात भांडण नसतं, उलट आदर असतो. पुष्कळ घरांतून ही रीत आता सैल झाली आहे. युनिसच्या घरात तिचा एक टाकाही उसवलेला नव्हता. लग्नाला एक तप उलटलं होतं. एमरी सासूचा आवाज रोज ऐकत होता, पण त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी नव्हता. त्या काय म्हणतात ते रोवीना येऊन सांगे, आणि रोवीना मनाने चांगली असल्यामुळे बरंचसं गाळून सांगे. त्यामुळे सासूला आपल्याबद्दल नक्की काय वाटतं, हे एमरीला बारा वर्षांत कळलेलं नव्हतं. कुऱ्हाड मिळाली, ते त्यांचं त्याच्याविषयीचं पहिलं मत. ते बदलू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

आनंदाच्या भरात त्याने एक चूक केली. कुऱ्हाड पेट्रोलपंपावर नेऊन डेल्बर्टला दाखवली.

डेल्बर्टचा बाप आणि एमरीचा बाप एकाच कुळातले. अशा दोघांत थट्टेचं नातं असतं. एकाने गाढवपणा केला की दुसऱ्याने तो चारचौघांत उघडा पाडायचा, हा त्याचा हक्कच नव्हे, कर्तव्य असतं. आणि पहिल्याने रागवायचं नाही. रागावला तर तो दुसरा गाढवपणा. डेल्बर्ट हे कर्तव्य इतक्या निष्ठेने पाळायचा की जत्रेच्या समितीने मिरवणुकीचा माइकच त्याच्या हाती दिला होता.

त्याने कुऱ्हाड उलटसुलट करून पाहिली. दांडा मुठीपासून पार पात्यापर्यंत काळ्या टेपने गुंडाळलेला होता, वायरिंगला लावतात त्या.

"बेस्ट आहे," तो म्हणाला. "फक्त मिरवणुकीत प्लग कुठं लावणारेस?"

पंपावरची सगळी माणसं हसली. एमरीही हसला, कारण हसावंच लागतं. पण घरी येईपर्यंत त्याला उद्याची मिरवणूक दिसू लागली होती. दोन्हीकडे माणसांची दाटी, मधून घोड्यावर तो, आणि माइकवर डेल्बर्ट. म्हणून त्याने ठरवलं की दांड्याला नवं वेष्टण करायचं. चांगलं, जुन्या पद्धतीचं, हाताला पकड देणारं आणि डोळ्यांना पूर्वजांची आठवण करून देणारं.

टेप थरावर थर होती. वरचे थर सालीसारखे निघाले, खालचे तुकड्यातुकड्यांनी. शेवटचा तुकडा निघाला आणि एमरीचा हात थांबला. दांड्याला लांबलचक चीर होती. मुठीच्या थोडी वर सुरू होऊन ती तिरकी चढत पात्याच्या जवळ पोचली होती. त्याने कुऱ्हाड हलकेच हलवली, तर पातं मान डोलावल्यासारखं हललं. टेप दांड्यावर लावलेली नव्हतीच, इतकी वर्षं ती टेपच दांडा होती.

त्याने रोवीनाला फोन लावला. नदीकाठी फोन लागत नाही, तो आजही लागला नाही. जुनी टेप परत बसण्यातली नव्हती. नवी आणायची तर पेट्रोलपंपावर जावं लागणार, आणि पंपावर डेल्बर्ट. सासूबाई थोड्या वेळात येणार होत्या, पण त्यांना विचारणार कोण? घरात दुभाषी नव्हता.

अशा चिरेवर आमच्याकडे उपाय ठरलेला आहे. कच्चं कातडं भिजवायचं, त्याची वादी कापायची, ओली असताना ताणून गुंडाळायची. वाळली की ती आक्रसते आणि लाकडाला अशी आवळते की लोखंडाने हार मानावी. घामाने हात सुटत नाही, आणि दिसतंही पणजोबांच्या फोटोतल्यासारखं. एमरीने मान वर केली, तर शेडच्या कोपऱ्यात टप होता आणि टपात कच्चं कातडं भिजत पडलेलं होतं.

कातडं सासूबाईंचं होतं, याविषयी शंका नव्हती. एमरी टपाजवळ उभा राहून विचार करू लागला. त्यांनी कुऱ्हाड दिली. त्याच आठवड्यात कातडं भिजत घातलं. दांडा चिरलेला आहे हे त्यांना ठाऊक असणार. आपल्याला तोंडाने सांगणं त्यांना शक्य नाही. म्हणजे त्यांनी न सांगता सांगितलं आहे. बारा वर्षं ज्या बाईशी बोलायचं नाही तिच्या मनातलं ओळखून जगणाऱ्या माणसाला असे तर्क सुचायला वेळ लागत नाही. कपाटाचं दार उघडं दिसलं की त्यात खिळा मारायचा आहे, ताट पालथं असलं की मांस खारट झालं आहे, हे तो असंच शिकला होता. सासूने आपल्यावर इतका विश्वास टाकला, या विचाराने त्याला भरून आलं. त्याने सुरी उचलली.

वादी कापायची ती कातड्याच्या कडेने, गोल गोल. म्हणजे कितीही लांब निघते आणि जोड द्यावा लागत नाही. एमरीला जोड नको होता. एकाच अखंड वादीने मूठ, चीर आणि शेवटी मनगटात अडकवायचा फास, असं सगळं करायचं होतं, जुने लोक करायचे तसं. तो कापत गेला. कातडं आधी टेबलाएवढं होतं, मग परातीएवढं झालं, मग ताटलीएवढं. वादी पुरेशी झाली तेव्हा त्याने उरलेला तुकडा पुन्हा पाण्यात सोडला. तो तळाशी गेला आणि दिसेनासा झाला.

गुंडाळणी मात्र बेतशीर झाली. वेढ्याला वेढा चिकटून, चीर कुठे होती हे सांगूनही सापडू नये अशी. शेवटी वादीचं टोक फिरवून त्याने फास केला, माप बसतंय का पाहायला उजवा हात त्यात घातला आणि दातांनी गाठ ओढली. माप नेमकं होतं. वाळेपर्यंत मूठ हातातच धरून ठेवावी, म्हणजे बोटांचे वळसे कातड्यावर उमटतील आणि पकड आणखी चांगली होईल, असं त्याच्या मनात आलं. ऑगस्टचं ऊन होतं, कोरडा वारा होता, तरी त्याला धीर निघेना. त्याने रोवीनाचा ड्रायर आणला आणि डाव्या हाताने मुठीवर गरम हवा सोडत बसला.

कातड्याने आपलं काम केलं. चीर मिटली, मूठ हाडासारखी टणक झाली. एमरीने समाधानाने कुऱ्हाड खाली ठेवायला हात मोकळा केला, तर कुऱ्हाड हाताबरोबर आली. फासही त्याच वादीचा होता, आणि दांड्याला एक नियम व मनगटाला दुसरा, असं कातड्याला ठाऊक नव्हतं.

त्याने हात ओढून पाहिला, पिळून पाहिला. तळणाची चरबी आणून चोळली; त्याने मनगट चकाकलं, पण सुटलं नाही. फास कापला असता तर वादी उलगडली असती, कारण ती अखंड होती. पाण्यात बुडवला असता तर मूठही भिजली असती, आणि मूठ सैल पडली की चीर पुन्हा तोंड उघडणार. आपण किती चांगलं काम केलं आहे हे त्याला आता कळत होतं. तेवढ्यात अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला.

सासूबाई सरळ शेडकडे आल्या. शेडला दार एकच. सासू समोर आली तर जावयाने बाजूला व्हायचं, तेही जमलं नाही तर तोंड झाकायचं. एमरीने खोगिराखालची घोंगडी ओढून डोक्यावर घेतली आणि तो खोक्यावर बसून राहिला. घोंगडीतून कुऱ्हाडीचं पातं बाहेर आलं होतं. ते आत घ्यायचा त्याने प्रयत्न केला, तर घोंगडीच वर गेली. त्याने तो नाद सोडला.

मग पाणी ढवळल्याचा आवाज आला.

"चेअरमन," सासूबाई कुत्र्याला म्हणाल्या, "या टपात एक अख्खं कातडं होतं."

लेकी बोले सुने लागे, हे जगभर चालतं. युनिसच्या घरात लेक नसली की कुत्र्यावर भागवावं लागे. चेअरमनने एक डोळा उघडला.

"चेअरमन, त्यातलं थोडं कुऱ्हाडीला लागलं," घोंगडी म्हणाली.

"थोडं." सासूबाईंनी टपातून ताटलीएवढा तुकडा वर काढला असावा, कारण पाणी ठिबकत होतं. "चेअरमन, नातीच्या घोड्याला लटकवायला मी याच्या पेट्या करणार होते. रंग कालवून ठेवलेत. आता यात उंदराच्या घोड्याचं सामान मावेल."

"मला वाटलं, ते माझ्यासाठीच ठेवलंय, चेअरमन."

"असं कोण म्हणालं त्याला?"

"कोणीच नाही म्हणालं. म्हणून तर वाटलं."

सासूबाईंनी तुकडा टपात परत आपटला. त्या दाराकडे वळल्या असाव्यात, आणि थांबल्या. एमरीला घोंगडीच्या खालच्या कडेतून त्यांचे मोकासिन, मऊ कातड्याचे जोडे, दिसत होते. त्यांच्यासमोर जमिनीवर काळ्या टेपचे तुकडे पडले होते. मोकासिन जागचे हलेनात.

"चेअरमन," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज अगदी खाली आला, "टेपखाली काय होतं ते त्यानं पाहिलं का?"

"चीर होती, चेअरमन. लांब."

सासूबाई खाली वाकल्या. टेपचा एकेक तुकडा त्यांनी वेचला, झग्याच्या खिशात घातला आणि निघून गेल्या. चेअरमन उठून त्यांच्या मागे गेला. एमरी घोंगडीखाली तसाच बसून राहिला. आता घोंगडी काढली तरी चाललं असतं, पण काढून बघायचं काय, हे त्याला सुचेना.

संध्याकाळी रोवीना आली. सगळी हकीकत ऐकली, आणि खुर्चीत बसली.

"टेप काढलीस?" ती म्हणाली. "बाबांच्या हातची टेप? अरे, ते कुणाला हात लावू देत नव्हते तिला. एकदा मोठ्या दादानं नुसतं विचारलं, ही का लावलीय, तर दिवसभर बोलले नाहीत त्याच्याशी."

एमरीने नमस्काराला उचलावा तसा कुऱ्हाडीसकट हात वर केला. तिने मनगट पाहिलं, फास पाहिला, वेष्टण पाहिलं. काम चांगलं झालं आहे असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिला आणखी राग आला. भिजवायचं नाही, कापायचं नाही, उद्या मिरवणूक होईपर्यंत असंच राहायचं, मग बघू, असा तिने निकाल दिला.

"आई काय म्हणाली?" एमरीने विचारलं.

"काही नाही."

"गाळून सांगतेयस."

"गाळायलाही काही नाही, एमरी. ती बोललीच नाही."

ते त्याला सगळ्यात जड गेलं. रात्रभर कुऱ्हाड उशीवर होती आणि तो तिच्याकडे बघत पडला होता. सकाळी आणखी एक अडचण समोर आली. मिरवणुकीचा मणी भरलेला सदरा कुऱ्हाडीवरून चढेना. रोवीनाने बाही उसवली, हाताभोवती गुंडाळली आणि अंगावरच शिवली. प्रत्येक टाक्याला ती काहीतरी पुटपुटत होती, ते त्याने विचारलं नाही. तंबूत मंडळी न्याहारीला बसली तेव्हा तो डाव्या हाताने खीर खात होता आणि उजवा हात मांडीवर ठेवून होता, त्यात कुऱ्हाड. सासूबाई तंबूच्या पलीकडे चुलीपाशी होत्या. तळलेल्या पोळ्यांची चळत वाढत होती.

डेल्बर्ट कॉफीला आला आणि त्याने हात पुढे केला. एमरीने डावा दिला. डेल्बर्टने उजव्याकडे पाहिलं, बाहीवरच्या ताज्या टाक्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सणासारखा उजळला.

"भावड्या," तो हळूच म्हणाला, "अडकलास ना?"

एमरीने त्याला तंबूमागे नेऊन सगळं सांगितलं. वादी, फास, ड्रायर. सांगितलं नसतं तरी डेल्बर्टने काढून घेतलं असतं. एमरीने विनवलं की आजचा दिवस गप्प बस, सासरी माझं काही उरलेलं नाही. डेल्बर्ट बर्फाच्या पेटीवर बसून डोळे पुसत होता. त्याचं म्हणणं असं की त्याच्या हातात काही नाही, नातंच तसं आहे. "मी गप्प बसलो तर उद्या माझा बाप वर जाऊन तुझ्या बापाला काय तोंड दाखवील?"

मिरवणूक निघाली. घोड्याला कानाजवळ हलणारी कुऱ्हाड पसंत नव्हती. तो तिरका चालत होता आणि एमरीला एका हाताने लगाम सांभाळत ताठ बसावं लागत होतं. माइकच्या मांडवासमोर आल्यावर त्याने डोळे मिटून घेतले.

"मंडळी," डेल्बर्टचा आवाज कर्ण्यांतून आला, "हा आमचा एमरी. सासऱ्याची कुऱ्हाड कालपासून याच्या हातात आहे. याने ती खाली ठेवलेली नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. बायकोला विचारा. कपडेसुद्धा कुऱ्हाड हातात ठेवूनच घातले, बाही शिवून घेतली अंगावर."

इथे तो हशासाठी थांबला. हशा आला की मग ड्रायर काढायचा, असा त्याचा बेत होता. हशा आला नाही. रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याच्या शेजारच्याने काढली. मग बायकांच्या रांगेतून ललकारी उठली, उंच, लांब, वीर परतला की देतात तशी, आणि ती रांगेरांगेने पुढे सरकत गेली.

डेल्बर्टने पुन्हा तोंड उघडलं, तोवर एमरीचे कुळातले थोरले काका वॉलेस मांडवात चढले होते. त्यांनी त्याच्या हातातून माइक घेतला. ते म्हणाले की असं व्रत त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर आज पाहिलं. हल्लीच्या मुलांना हातातला फोन सोडून काही धरवत नाही. या मुलाने गेलेल्या माणसाचं शस्त्र धरलं ते खाली ठेवलं नाही. दुपारी रिंगणात याचा सन्मान होईल, गाणं होईल. काका बोलत राहिले. डेल्बर्ट शेजारी हात पुढे करून उभा होता. माइक त्याला परत मिळाला तेव्हा एमरी कधीचा पुढे गेला होता आणि मांडवासमोर शाळेचा बँड होता.

एमरीला घोड्यावरून उतरवायला माणसं धावली. कोणी त्याच्या खांद्याला हात लावला, कोणी नुसतीच मान लववली. त्याने दोघातिघांना सांगायचा प्रयत्न केला की असं काही नाही, ही आपली वादीची गडबड आहे. त्यांनी ते विनय म्हणून घेतलं. डेल्बर्टही दुपारभर लोकांना खरं सांगत फिरला. पण तो आयुष्यभर सगळ्यांची थट्टाच करत आल्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. एका आजींनी तर त्याला दटावलं की थट्टेलाही जागा असते.

दुपारी रिंगणात ढोल वाजला. एमरी मधोमध उभा होता, घामाने निथळत. मूठ मात्र सुटत नव्हती. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी अधिक तपशिलांसह, त्यातले काही एमरीलाही नवे होते. आमच्याकडे घरातल्या माणसाची अशी स्तुती झाली की घराला उठून काही द्यावं लागतं. रोवीना चादरी घेऊन उठणार, तेवढ्यात तिच्या खांद्यावर हात पडला. सासूबाई स्वतः उठल्या होत्या.

त्या रिंगणात आल्या. एका हातावर नवी कोरी घोंगडी, दुसऱ्या हातात आपल्या बदामी घोडीचा दोर. लोक कुजबुजायला लागले, कारण याचा अर्थ जुन्या माणसांना माहीत होता. सासूने चारचौघांत जावयाला असं मोठं दान दिलं की दोघांतला पडदा उठतो. त्या क्षणापासून ती त्याच्याशी बोलू शकते, तो तिच्याशी. फार थोड्या सासवा हे करतात. निवेदनासाठी माइक डेल्बर्टकडे होता, आणि तोही नुसता "युनिस" एवढंच म्हणून थांबला.

सासूबाईंनी घोडीचा दोर एमरीच्या डाव्या हातात दिला. घोंगडी त्याच्या खांद्यांवर पांघरली आणि, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एमरीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ललकाऱ्या उठल्या. त्या आवाजात सासूबाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"रडू नकोस, एमरी, आणि नीट ऐक," त्या म्हणाल्या. "ती चीर मी पाडली. तंबूच्या खुंट्या ठोकत होते, हातोडा सापडेना. त्याच्या आजोबांची कुऱ्हाड. ऑर्व्हिलनं टेप लावली आणि मरेपर्यंत कुणाला बोलला नाही. लेकरांनासुद्धा नाही. आता तू पाहिलीस. हे रोवीनाकडनं सांगता येईना, कुत्र्याकडनं सांगता येईना. कुठं बोललास तर बघ."

एमरीने मान हलवली. मग आपल्याला बोलायची परवानगी आहे हे त्याच्या लक्षात आलं. "नाही बोलणार, मामी," तो म्हणाला. त्याचा सासूशी बोललेला पहिला शब्द. काल शेडमध्ये पडलेलं ओझं उतरलं होतं. त्यांचं मत बदललं नव्हतं, त्यांना फक्त भीती वाटली होती. तो हसलासुद्धा.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "आता बाकीचं."

त्यांनी त्याला तंबूत नेलं, बर्फाच्या पेटीशेजारी बसवलं आणि त्याचा हात कुऱ्हाडीसकट वितळलेल्या पाण्यात बुडवला. कच्चं कातडं लवकर भिजत नाही. सासूबाईंनी लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. त्या दिवशी त्याने घातलेला सदरा, मग जेवायला बसला ती जागा, मग पहिल्या हिवाळ्यात लाकडं रचली ती पद्धत. त्या काहीच विसरल्या नव्हत्या, आणि क्रमही चुकत नव्हता. तो ट्रक दाराला आडवा का लावतो. कपाटाचं दार हवेसाठी उघडं ठेवलं होतं, त्यात खिळा का मारला. मांस खारट नव्हतं, त्या दिवशी पाहुणा येणार होता म्हणून ताट पालथं घातलं होतं, तर हा उठून शेजारी जेवायला का गेला.

रोवीना दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिने ऐकलं. बारा वर्षं ती दोन्हीकडचे निरोप वाहत होती. तिच्या चेहऱ्यावर ओझं खाली ठेवलेल्या हमालाचा भाव आला, आणि ती मैत्रिणींबरोबर घोड्यांच्या शर्यती बघायला निघून गेली.

वादी सैल पडली. हात सुटला. चीर अपेक्षेप्रमाणे उघडली. सासूबाईंनी झग्याच्या खिशातून काळ्या टेपचं नवं वेटोळं काढलं, कुऱ्हाड मांडीवर घेतली आणि दांडा गुंडाळायला लागल्या. हात चालू होता आणि तोंडही. कुंपणाचं प्रकरण होऊन त्या आता गेल्या वर्षीच्या वसंतापर्यंत आल्या होत्या. कुणीतरी त्यांना बाहेर हाक मारली म्हणून त्या उठल्या, आणि जाताना म्हणाल्या, "इथंच थांब. यंदाचं राहिलंय अजून."

एमरी मागच्या बाजूने निघाला. वॉलेस काका सावलीत खुर्चीवर बसले होते, शेजारी डेल्बर्ट जमिनीवर. एमरीने मनगट चोळत विचारलं की काका, सासू आणि जावई यांच्यातला पडदा एकदा उठला, तर तो परत पाडण्याची रीत काय?

डेल्बर्टने वर पाहिलं. त्याला थट्टा करायची होती, पण तंबूतून पुन्हा येऊ लागलेला युनिसचा आवाज त्याने ऐकला, आणि त्याने नजर खाली वळवली.

काकांनी पुष्कळ विचार केला. पडदा उठवायला घोंगडी लागते, घोडा लागतो, ढोल लागतो, साक्षीला माणसं लागतात, ते म्हणाले. परत पाडायचं आजवर कुणी विचारलेलंच नाही.

"एमरी," तंबूतून हाक आली.

काकांनी आदराने पाय आखडून त्याला वाट दिली.